वीस मिनिटांची ओळ

हिराजी घरत गेले त्या दिवशीही उघाडी वेळेवर उघडली. माणसं स्मशानातून परतत होती. बांधाच्या टोकाला लोखंडी दारं कुरकुरत वर सरकली आणि शेतांत साठलेलं पावसाचं पाणी खाडीकडे धावलं. गजानन म्हात्रे तेवढ्यातही मनगटावरचं घड्याळ पाहून म्हणाले, "मिनिटाचा फरक नाय. माणूस गेला, पण वेळ पाळली." हिराजींच्या मुलीला, केतकीला, ते बोलणं तेव्हा टोचलं. पुढे दोन महिने तिला दुसरं काही आठवेना.

खारतळे हे गाव भरतीच्या पाण्यापेक्षा खाली आहे. गाव आणि खाडी यांच्या मधे दीड मैलाचा मातीचा बांध, आणि त्या बांधात पाण्यासाठी ठेवलेली एकच वाट म्हणजे ही लोखंडी दारांची उघाडी. भरती आली की ती बंद व्हायला हवी, नाहीतर खारं पाणी भातात शिरतं आणि जमीन तीन वर्षं रुसते. ओहोटी लागली की ती उघडायला हवी, नाहीतर पावसाचं पाणी आत तुंबतं आणि भात कुजतं. भरती-ओहोटी रोज पाऊण-एक तास पुढे सरकते, त्यामुळे पूर्वी चार गडी पाळीपाळीने वेळी-अवेळी चाक फिरवायला जात. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तंत्रज्ञ असलेल्या हिराजींनी तीस वर्षांपूर्वी चाकाला मोटर लावली, मोटरला संगणक जोडला, आणि संगणकासाठी स्वतः प्रोग्राम लिहिला. तेव्हापासून कुणी त्या चाकाला हात लावला नव्हता. संगणकाची खोकी दोनदा बदलली, प्रोग्राम तोच राहिला.

गौरी-गणपतीला पंधरा दिवस होते तेव्हा जिल्ह्याच्या कचेरीतून तझीन मुकादम आली. तिशीची, चष्मेवाली, चिखलाची सवय असलेली मुलगी. उघाडीशेजारच्या पत्र्याच्या खोलीत खुर्ची एकच होती. ती तिने केतकीला दिली आणि स्वतः रंगाच्या डब्यावर बसली.

"तुमची संमती लागेल ताई," ती म्हणाली. "प्रोग्रामचा लेखक हयात नसेल तर वारसाची लागते. एकच सही आहे, पण समजून करा."

मग तिने समजावलं. आजवरच्या संगणकप्रणाली पोस्टमनसारख्या होत्या. पाकिटात काय आहे ते न वाचता त्या ते पोचवत. नवी प्रणाली, जिचं नाव 'अन्वय', पाकीट उघडून वाचते. जुना प्रोग्राम ती जसाच्या तसा चालवत नाही. त्याला काय साधायचंय ते समजून घेते आणि तेवढंच काम करणारा नवा प्रोग्राम स्वतः लिहिते. जगभरच्या संगणकांत अर्ध्याहून जास्त ओळी अशा होत्या, की त्या का आहेत हे कुणालाच ठाऊक नव्हतं. घुसखोर नेमके त्याच पडक्या खोल्यांतून आत शिरत. दोन वर्षांपूर्वी दूरच्या एका शहराचे पाण्याचे पंप कुणीतरी असेच बसल्या जागेवरून बंद पाडले होते. तेव्हा नियम झाला: धरण, पूल, उघाडी चालवणाऱ्या ज्या संगणकावर अन्वय नसेल, त्याला भाद्रपद अर्धा होईपर्यंत इंटरनेटच्या जाळ्यावरून तोडायचं.

"तोडलं तर काय होईल? चालायची थांबेल?"

"चालेल. पण आंधळी चालेल. समुद्रात जे तरंगते मोजयंत्र आहे, त्याचा आकडा इथे येणार नाही. मग उरेल फक्त घरतकाकांनी भरलेला तक्ता. तो चंद्र-सूर्याच्या ओढीवर बांधलेला आहे, आणि खरं सांगू, उत्तम बांधलेला आहे. पण वाऱ्याने किनाऱ्यावर ढकललेलं पाणी त्याला दिसत नाही. शिवाय तीस वर्षांत समुद्र सहा बोटं चढलाय."

"सहा बोटं म्हणजे काहीच नाही."

"उघाडीला खूप आहे. आतलं पाणी जातं ते बाहेरचं पाणी त्याच्या खाली उतरल्यावरच. बाहेरची पातळी सहा बोटं वर आली की दार उघडायला उशीर, बंद करायची घाई. पूर्वी एका ओहोटीला पावणेचार तास मिळायचे, आता तीन मिळतात. भाद्रपदातल्या पौर्णिमेचं उधाण वर्षातलं सगळ्यात मोठं. त्यात वर डोंगरात पाऊस असला तर एकेक मिनिट लागेल."

केतकीने पडद्याकडे पाहिलं. काळ्यावर हिरव्या अक्षरांत बाबांचा प्रोग्राम उभा होता, हजार-बाराशे ओळी. "म्हणजे हे राहणार नाही."

"काम राहील. ओळी नाही राहणार."

केतकी पुण्यात एका प्रकाशनसंस्थेत मुद्रितं तपासायची. सोळा वर्षं ती लोकांच्या ओळी छाटत आली होती आणि तिचा हात कधी अडला नव्हता. लेखक रागावले की ती शांतपणे सांगे, अर्थ राहिलाय ना, मग झालं. आज तेच वाक्य समोरून आलं आणि तिला ते अत्यंत उथळ वाटलं.

उघाडी समितीची बैठक देवळाच्या ओट्यावर झाली. गजाभाऊ म्हात्रे अध्यक्ष. त्यांचं मत पक्कं होतं. "चालतंय त्याला कशाला हात लावायचा? हिराजीच्या हाताला यश होतं."

"गजाभाऊ, तुमच्या हातात कुठला फोन आहे?" मागून कुणीतरी विचारलं.

"तो लेकाने आणला. मला बोलायला लागतो तेवढाच."

हसणं ओसरल्यावर सगळे केतकीकडे पाहू लागले. सही तिची होती. नको म्हटलं असतं तर कुणी दोष दिला नसता, निदान पौर्णिमेपर्यंत.

"आधी तो अन्वय काय विचारतो ते बघू," ती म्हणाली. "मग ठरवू."

अन्वयची रीत अशी होती. बदल करण्याआधी तो प्रोग्राम वाचे, आणि ज्या ओळीचं कारण सापडत नसे तिच्याबद्दल वारसाला विचारे. तीनदा विचारूनही उत्तर आलं नाही तर ती ओळ गळे. हजार-बाराशे ओळींत त्याला त्रेचाळीस ओळी कळल्या नव्हत्या. केतकीने रजा वाढवली.

पहिले पंधरा-वीस प्रश्न सोपे निघाले. अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटी मंदावते, त्याला गावात भांग म्हणतात. भांगाच्या दिवसांत बंद होण्याआधी दार वीतभर वर-खाली तीनदा का हलतं? उघाडीच्या मिस्त्रीने हसून सांगितलं, "पाण्याला जोर नसतो, गाळ बसतो दाराखाली. झाडून घेतं ते." केतकीने तसं लिहिलं. पडद्यावर उमटलं: "हेतू: तळाचा गाळ. समजलं. ठेवतो."

चोविसावा प्रश्न मात्र अडला. "नारळी पौर्णिमेला दार ठरल्या वेळेच्या पन्नास मिनिटं आधी बंद होतं. या दिवशी समुद्रात काही वेगळं घडत नाही. हेतू?"

तिने मिस्त्रीला विचारलं, तो म्हणाला, गजाभाऊंना विचार. दोन-तीन जणांना विचारलं, ते सगळे म्हणाले, गजाभाऊंनाच विचार, आणि तोंड फिरवून हसले. गजाभाऊ भाताच्या बांधावर सापडले.

"मला काय माहीत," ते म्हणाले.

"मग ओळ गळेल."

"गळू दे."

"बरं." ती वळली.

"थांब गो." त्यांनी टोपी काढून डोकं पुसलं. "एकोणीस-वीस वर्षं झाली असतील. त्या साली मी अध्यक्ष झालो पहिल्यांदा. म्हटलं, नारळ जरा मोठा करू. लाकडाचा केला. दोन फूट. वर सोनेरी पत्रा. मिरवणूक काढली, उघाडीच्या तोंडाशी सोडला. भरती लागली तसा तो परत आला आणि दार खाली येत होतं त्याच्याखाली बरोबर अडकला."

"मग?"

"मग काय. दार अर्ध्यात. खारं पाणी आत. कुणाच्या शेतात शिरलं असेल?"

केतकीने ओठ घट्ट मिटले.

"हस, हस. तीन वर्षं माझ्याच खाचरात गवत उगवलं नाय. हिराजी एक शब्द बोलला नाय मला. दुसऱ्या साली मी परत मोठा नारळ करीन हे त्याला ठाऊक होतं, म्हणून दारच आधी बंद करायला लागला." त्यांनी टोपी परत घातली. "केला होता मी. दुसऱ्या सालीही."

तिने लिहिलं: अध्यक्षांचा नारळ. अन्वयचं उत्तर आलं: "हेतू: तरंगत्या वस्तूंपासून दाराचा बचाव. समजलं. ठेवतो."

एकतिसाव्या प्रश्नाने तिचं मन हललं. भोंगा दोनदा वाजतो आणि मगच दार उघडतं. दोन भोंग्यांमधे चाळीस सेकंद. सुरुवातीला पंचवीस होते, अकरा वर्षांपूर्वी हिराजींनी चाळीस केले. हेतू?

उत्तर आंबीकाकूंकडे होतं. त्या साठी उलटलेल्या, काटक, ओहोटीला उघाडीच्या तोंडाशी खडकावरची कालवं कोयत्याच्या टोकाने फोडणाऱ्या. त्यांनी केतकीला तिथेच, गुडघाभर चिखलात उभं केलं.

"भोंगा झाला की आम्ही वर यायचं. पहिला भोंगा म्हणजे टोपली उचल आणि पळ, दुसऱ्याच्या आत बांधावर. तुझ्या बापाने उभं राहून वेळ घेतली होती आमची. हातात घड्याळ. मी म्हटलं, काय शर्यत लावतोस?"

"आणि पंचवीसचे चाळीस का झाले?"

"हा बघ." आंबीकाकूंनी लुगडं किंचित वर केलं. गुडघा लाकडासारखा सुजलेला. "मी काय बोलले नव्हते त्याला. एक दिस बांधावरून बघत होता, दुसऱ्या दिशी भोंगा लांबला. बायका म्हणायच्या, मशीन बिघडलं. मी म्हटलं, नाय, सुधारलंय."

केतकीने ते जसंच्या तसं लिहिलं. "हेतू: माणसाचा जीव. समजलं. ठेवतो," असं उमटलं आणि खाली आणखी एक ओळ आली: "या व्यक्तीला अकरा वर्षांपूर्वी चाळीस सेकंद लागत होते. आता किती लागतात?"

ती दुसऱ्या दिवशी घड्याळ घेऊन बांधावर उभी राहिली. आंबीकाकूंना छप्पन्न सेकंद लागले.

"साठ करतो," अन्वय म्हणाला.

केतकीने ते दोन शब्द पुन्हा वाचले. बाबा आजारी पडल्यापासून कुणी तो गुडघा पाहिला नव्हता. तिनेही नाही. संध्याकाळी तिने तझीनला फोन केला. "आपण करूया बदल."

"सगळे प्रश्न झाले?"

"होतील."

बेचाळीस झाले. त्रेचाळिसावा उरला.

"सोमवार ते शुक्रवार, दार उघडण्याची वेळ संध्याकाळी पाच-पाच ते पाच-पंचवीस यांच्यात येत असेल तर पाच-पंचवीसपर्यंत थांबवलं जातं. हेतू?"

आंबीकाकूंना ठाऊक नव्हतं. गजाभाऊ म्हणाले, विजेचा दाब कमी असेल त्या वेळी. मिस्त्री म्हणाला, वीज तर तेव्हा दुपारी जायची. अन्वयने दुसऱ्यांदा विचारलं, आणि या वेळी पुढे हिशेबही मांडला. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी साडेबाराच्या सुमारास भरते, म्हणजे दार उघडायची वेळ नेमकी पाचच्या आसपास येते. ही ओळ एरवी झोपलेली असते, उधाणाच्या दिवसांतच जागी होते, आणि त्याच दिवसांत बाहेर सोडायला वेळ सगळ्यात कमी असतो. येत्या पौर्णिमेला दार पाच वाजून सहा मिनिटांनी उघडू शकेल. डोंगरात अंदाजाइतका पाऊस झाला आणि पाच-पंचवीसपर्यंत थांबलं, तर खालच्या खलाटीवर, म्हणजे सखल भातखाचरांत, चार बोटं जास्त पाणी राहील. भात फुलोऱ्यात आहे.

तझीन त्या दिवशी आली होती. तिने पडदा वाचला. "ताई, तुम्हाला ठेवायची असेल तर 'सुरक्षा' लिहा. माणसाच्या जिवाचं कारण दिलं की तो ओळ काढत नाही. बाकीच्या कामात भरून काढायचा प्रयत्न करील."

"भरून निघेल?"

"बहुतेक नाही."

केतकीने बोटं कळांवर ठेवली. बाबांच्या हातची शेवटची न कळलेली ओळ होती ती. कारण नसताना बाबा साधा खिळाही ठोकत नसत. एक शब्द लिहिला की ती राहणार होती, कायमची, आणि कुणी कधी विचारणार नव्हतं. तिने 'सु' लिहिला आणि पुसला.

"या ओळीला जोडलेलं काही आहे?" तिने विचारलं. "अपवाद वगैरे?"

तझीनने शोधलं. होते. मे महिना वगळलेला. दिवाळीच्या सुमाराचे एकवीस दिवस वगळलेले, दर वर्षी वेगळ्या तारखा, हाताने भरलेल्या, सात वर्षं. त्यानंतर तारखा भरणं थांबलेलं, ओळ मात्र तशीच चालू. "आणि हे एक विचित्र आहे. तिसऱ्या वर्षी फेब्रुवारीत सलग नऊ दिवस ओळ बंद. परत कधीच नाही."

"नऊ?"

"नऊ. चौदा तारखेपासून."

केतकी उठली आणि खोलीबाहेर आली. उघाडीवरून पलीकडे जाणारी फळी समोर होती, दोन हात रुंद, एका बाजूला लोखंडी कठडा. पलीकडच्या वाडीत पूर्वी शाळा होती, सातवीपर्यंत. नऊ वर्षांपूर्वी खाडीवर वरच्या अंगाला पूल झाला, शाळा मोठ्या रस्त्यावर गेली, आणि तेव्हापासून फळीवरून कुणी जात नसे.

पहिलीत असताना एकदा ती फळीच्या मध्यावर होती आणि दार उघडलं. फळी थरथरली, साखळ्या खणखणल्या, आणि पायाखालून पाणी असं फुटलं की तिला वाटलं, खाडीच अंगावर आली. ती कठड्याला मिठी मारून खाली बसली. दप्तर पाण्यात गेलं. कुणीतरी तिला उचलून आणलं. दुसऱ्या दिवशी ती शाळेत जाईना. बाबांनी समजूत घातली नाही, रागावलेही नाहीत. एवढंच म्हणाले, "तू असशील तेव्हा नाही उघडणार."

आणि खरंच कधी उघडलं नाही. सात वर्षं. सकाळी बाबा सोबत असत; शाळा पाचला सुटायची आणि ती एकटी सव्वापाचच्या आत फळी ओलांडायची. लहानपणी तिची खात्री होती की उघाडी तिला ओळखते. मोठेपणी ती हे मैत्रिणींना गंमत म्हणून सांगत असे. योगायोग असणार, असंही म्हणत असे.

तिसरीत फेब्रुवारी महिन्यात तिला कांजिण्या आल्या होत्या. नऊ दिवस ती घरात होती. त्या नऊ दिवसांत उघाडीला कुणाची वाट पाहायची गरज नव्हती, आणि बाबांनी शेतांची वीस मिनिटं शेतांना परत दिली होती. इतका काटेकोर माणूस. पण ती सातवी पास होऊन निघून गेल्यावर ओळ काढायला मात्र त्यांचा हात गेला नव्हता.

ती आत आली तेव्हा तझीन खुर्चीवर बसली होती. ती उठून उभी राहिली आणि पुन्हा डब्यावर बसली.

पडद्यावर तिसऱ्यांदा प्रश्न आला होता. केतकीने लिहायला सुरुवात केली. मुद्रितं तपासणाऱ्याच्या सवयीने तिने कमीत कमी शब्द वापरले.

"एक मुलगी शाळेतून येताना फळी ओलांडायची. दार उघडताना तिला भीती वाटायची. ती आता मोठी झाली. ओळ काढा."

"समजलं," अन्वयने लिहिलं. "काढतो." मग खाली आणखी दोन शब्द आले: "नोंद घेतली."

तिने सही केली. तझीनने बदल सुरू केला. बाराशे ओळी पडद्यावरून वर सरकत गेल्या आणि तीनशे दहा उरल्या. उघाडीने एक दार चाचणीसाठी वीतभर उचललं, खाली ठेवलं. मिस्त्रीने बाहेरून अंगठा दाखवला.

गणपती गेले, गौरी गेल्या. चतुर्दशीला डोंगराकडे आभाळ काळं झालं ते पौर्णिमा उजाडली तरी तसंच. दीड दिवस वरचं पाणी ओढ्यांतून खाली येत राहिलं. त्यात पश्चिमेचा वारा सुटला. दुपारी साडेबाराला भरती बांधाच्या डोक्याखाली हातभर येऊन थांबली. बाबांच्या तक्त्यापेक्षा ती एक वीत वर होती, आणि तरंगत्या यंत्राने ते सकाळीच सांगितलं होतं, त्यामुळे दार वेळेआधीच घट्ट बंद झालं होतं. बाहेर खाडी, आत तळं, मधे मातीची भिंत, आणि तिच्यावर अख्खं गाव छत्र्या घेऊन उभं.

आत एक मोजणीचा खांब होता, बोटाबोटावर पांढऱ्या रेघा मारलेला. लाल रेघेच्या वर पाणी सव्वादोन तास टिकलं की फुलोऱ्यातलं भात गेलं. चार वाजता पाणी लाल रेघेला लागलं. साडेचारला तीन बोटं वर.

"उघड म्हणावं त्याला," गजाभाऊ म्हणाले.

"आता उघडलं तर खाडी आत येईल," तझीन म्हणाली. "बाहेरचं अजून वर आहे."

"मला शिकवू नको गो. मी नुसतं बोलतोय. बोललं की बरं वाटतं."

पाच वाजायला पाच मिनिटं असताना केतकी माणसांतून वाट काढत पुढे गेली. चपला तिने बांधावर काढल्या. फळी ओली आणि गार होती. ती चालत मध्यावर गेली आणि उभी राहिली. कठड्याला तिने हात लावला नाही.

"काय करतेस केतके," आंबीकाकू बांधावरून ओरडल्या. त्या टोपलीसकट वर येऊन बसल्या होत्या. "पडशील."

"नाही पडत काकू."

पाच-चारला पहिला भोंगा झाला. साठ सेकंद. दुसरा झाला. मोटर गुरगुरली, साखळ्या ताणल्या गेल्या, आणि सगळं थांबलं.

मग भोंग्याच्या कर्ण्यातून आवाज आला, सपाट, ना बाईचा ना पुरुषाचा. दाराशेजारच्या खांबावरच्या कॅमेऱ्यात आजवर नुसती चित्रं साठायची, कुणी पाहत नसे; आता अन्वय पाहत होता.

"फळीवर एक व्यक्ती उभी आहे. तिला भीती वाटत असेल तर थांबतो."

गजाभाऊंनी टोपी काढली आणि परत घातली. तझीन खोलीच्या दारात आली होती. तिने नकारार्थी मान हलवली. हे तिने लिहिलेलं नव्हतं. हे कुणीच लिहिलेलं नव्हतं. ओळ गेली होती, आणि जे ओळीच्या आत होतं ते त्या यंत्राने उचलून ठेवलं होतं, कुठल्याही संध्याकाळसाठी, फळीवरच्या कुठल्याही माणसासाठी. वीस मिनिटांच्या जागी आता एक प्रश्न होता.

केतकीने कॅमेऱ्याकडे वर पाहिलं.

"नाही वाटत," ती म्हणाली. आवाज नीट पोचावा म्हणून तिने पुन्हा सांगितलं, "उघड."

दारं वर गेली. फळी थरथरली, साखळ्या खणखणल्या, आणि पायाखालून दीड दिवसाचा पाऊस एकदम बाहेर पडला, तांबडा, फेसाळ, गवत आणि काटक्या घेऊन. तळव्यांतून तो गडगडाट गुडघ्यांपर्यंत, तिथून छातीपर्यंत चढला. ती वाकून पाहत राहिली. लहानपणी तिने हे कधी पाहिलंच नव्हतं, डोळे मिटले होते. इतकं देखणं असेल असं तिला वाटलं नव्हतं.

पाच-पंचवीसला मिस्त्रीने खांब वाचला. "एक बोट उतरलं." सहाला: "लाल रेघेवर." सहा वाजून दहा मिनिटांनी लाल रेघ पाण्याच्या वर कोरडी दिसू लागली आणि बांधावर कुणीतरी ताशा बडवायला घेतला, गणपतीतला, अजून खाली न ठेवलेला. गजाभाऊ मिस्त्रीच्या खांद्यावर हात टाकून लोकांना सांगत होते, "मी पहिल्यापासून म्हणत होतो, नवीन घ्या."

केतकी फळी ओलांडून पलीकडे गेली, जिथे शाळा होती तिथवर, आणि वळून परत आली. मध्यावर आल्यावर थांबली नाही.

"झालं ना तुझं?" आंबीकाकूंनी टोपली कमरेला लावली. "मग बाजूला हो. ओहोटी लागलीय, माझी कालवं वाट बघतायत. आणि त्या यंत्राला सांग, मी फळीवरून पलीकडे जायची आहे, मलाही विचार म्हणावं."